चांदीच्या नाण्यांसाठी मेटल डिटेक्टर कसा लावावा?

प्रश्न न्यू जर्सीहून आला आहे. विचारणाऱ्यांनी मिनलॅब इक्विनॉक्स ८०० हा वापरलेला मेटल डिटेक्टर विकत घेतलाय, घर १९२० च्या दशकातलं आहे, अंगणात आणि जवळच्या पार्कात मशीन फिरवून झालंय. पण हाती लागतात त्या कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या, झिंकचे सेंट आणि हल्लीचे क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी). फक्त चांदीच वाजेल असं सेटिंग कोणतं, आणि डिसेंबरात भारतात जाताना मशीन आजोबांच्या वाड्यावर न्यावं का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

फक्त चांदीच वाजेल असं सेटिंग कुठल्याही मशीनमध्ये नाही. उलट बाकी सगळं गप्प करून चांदीचे आकडे तेवढे चालू ठेवणं, हेच चांदी न मिळण्याचं एक मोठं कारण असतं. असं का, ते आधी सांगते. मग सेटिंगमधलं प्रत्येक बटण आपोआप समजेल.

मशीनला धातू ओळखता येत नाही. दांड्याच्या खालच्या टोकाची तबकडी, म्हणजे कॉइल, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते, त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र कॉइलला परत ऐकू येतं. धातू जितका चांगला वाहक आणि वस्तू जितकी मोठी व जाड, तितके हे प्रवाह सावकाश विरतात. परत येणारा सिग्नल किती मागे रेंगाळला यावरून मशीन पडद्यावर एक आकडा देतं. चांदी वाहकतेत सगळ्या धातूंच्या पुढे आहे, म्हणून तिचे आकडे वर असतात. पण तांबं तिच्या अगदी पाठोपाठ आहे. त्यामुळे तांब्याचा जुना सेंट आणि चांदीची छोटी डाइम (दहा सेंटचं नाणं) शेजारी शेजारीच वाजतात. त्यांच्यात भिंत घालता येत नाही.

इक्विनॉक्सच्या -९ ते ४० या पट्टीवर साधारण असं चित्र दिसतं: निकेल (पाच सेंटचं नाणं) १२-१३, झिंकचा सेंट २०-२१ च्या आसपास, तांब्याचा सेंट २४-२५, आजची डाइम २५-२६, चांदीची डाइम २६ ते २८, आजचा क्वार्टर २९-३०, चांदीचा क्वार्टर ३१-३२, हाफ डॉलर त्याच्याही वर. हे आकडे उथळ, आडव्या पडलेल्या, एकट्या नाण्याचे आहेत. तेच नाणं सात इंच खाली असेल, तिरकं असेल किंवा बाजूला खिळा असेल, तर आकडा दोन-चार घरं इकडेतिकडे सरकतो. २६ च्या खालचं सगळं बंद करून फिरलात तर खिळ्याशेजारची डाइम बंद पट्ट्यात जाऊन पडेल आणि तुम्ही तिच्यावरून निघून जाल.

आता चांदी म्हणजे नेमकी कोणती नाणी? अमेरिकेत डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे होते. १९६५ च्या नाणे कायद्यानं डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली, हाफ डॉलरमध्ये ती ४० टक्क्यांवर १९७० पर्यंत राहिली. लोकांनी लगेच जुनी नाणी वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच ती चलनातून दिसेनाशी झाली. याचा आपल्यासाठीचा अर्थ सरळ आहे: ज्या जमिनीवर साधारण १९६५ च्या आधी माणसांचा वावर होता, तिथेच चांदी पडलेली असते. १९८० साली बांधलेल्या पार्कात जगातलं सर्वोत्तम सेटिंग लावलंत तरी तिथे कुणी चांदी हरवलेलीच नाही. मशीनच्या सेटिंगला मी तीस टक्के महत्त्व देईन, जागेला सत्तर.

तरी सेटिंग विचारलंत, तर तेही नीट सांगते.

सुरुवात फॅक्टरी रिसेटने करा. आधीच्या मालकानं काय काय बदलून ठेवलंय ते तुम्हाला माहीत नसतं. इक्विनॉक्सच्या नकली प्रतीही बाजारात फिरतात, त्यामुळे सिरीयल नंबर कंपनीकडे पडताळून घ्या. कॉइलचं खालचं कव्हर काढून आत अडकलेली माती धुऊन टाका.

मोड, म्हणजे मशीनमधली तयार मांडणी, पार्क १. चांगल्या वाहकांना कमी फ्रीक्वेन्सी मानवते आणि पार्क १ चा कल तिकडे आहे. फ्रीक्वेन्सी मल्टीवरच, म्हणजे एकाच वेळी अनेक, ठेवा. पाच किलोहर्ट्झची एकच फ्रीक्वेन्सी लावून चांदीचा आवाज गोड येतो हे खरं, पण लोखंड ओळखण्याची क्षमता घटते. फक्त विजेच्या तारांखाली मल्टी फारच कुरकुरत असेल तर एकेरी फ्रीक्वेन्सी वापरून बघा.

प्रत्येक जागी पोचल्यावर पहिलं काम नॉइज कॅन्सल, म्हणजे आसपासच्या विजेची खरखर टाळणं. कॉइल स्थिर धरायची आणि मशीनला स्वतःचा चॅनल शोधू द्यायचा. घराजवळ वायफाय राउटर, कुत्र्यासाठी पुरलेली अदृश्य कुंपणाची तार, शेजाऱ्याचं इन्व्हर्टर असं बरंच काही असतं.

सेन्सिटिव्हिटीबद्दल सगळ्यांचा गैरसमज असतो. २५ वर नेली की खोल दिसेल असं वाटतं. पण कॉइलपासून नाणं लांब गेलं की सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घातानं घटतो. म्हणजे सेन्सिटिव्हिटी चार घरं वाढवून फार तर अर्धा-पाऊण इंच पदरात पडतो, आणि त्या बदल्यात मशीन सतत चिवचिवायला लागतं. खोल डाइमचा आवाज बारीक, कुजबुजल्यासारखा असतो. चिवचिवाटात तो बुडतो. मशीन जमिनीवर स्थिर धरल्यावर शांत राहील इतकीच सेन्सिटिव्हिटी ठेवा. बहुतेक अंगणांत ती १८ ते २१ येते.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज गप्प करणारं सेटिंग, न्यू जर्सीच्या सौम्य मातीत शून्यावर ठेवलात तरी चालतो. व्हर्जिनियाच्या लाल, लोहयुक्त मातीत मात्र हात खालीवर करून तो आकडा स्थिर होईपर्यंत बसवावाच लागतो. तुमच्या घराला पूर्वी कोळशाची भट्टी असेल तर मागच्या अंगणात राखेतले जळके खडे हमखास मिळतील. तेही वाजतात, खालच्या आकड्यांत. तिथेही ग्राउंड बॅलन्स करून घ्या.

आता दोन सेटिंग अशी आहेत ज्यांच्यावर जुन्या घराच्या अंगणात सगळं ठरतं: रिकव्हरी स्पीड आणि आयर्न बायस.

रिकव्हरी स्पीड म्हणजे एका वस्तूचा सिग्नल ऐकून झाल्यावर मशीन पुढच्या वस्तूसाठी किती लवकर मोकळं होतं. तुमचं घर शंभर वर्षांचं आहे. त्या शंभर वर्षांत छप्पर किमान दोनदा बदललं असेल, कुंपण पडलं असेल, पोर्च दुरुस्त झालं असेल. प्रत्येक वेळी खिळे गवतात पडले. डाइम आणि खिळा यांच्यात तीन इंचांचं अंतर असेल आणि मशीन खिळ्याच्याच आवाजातून बाहेर आलेलं नसेल, तर डाइम गेली. अशा खिळ्यांच्या जमिनीत रिकव्हरी ६ किंवा ७ ठेवा. मोकळ्या जुन्या मैदानात, जिथे कचरा कमी आणि नाणी खोल आहेत, तिथे ४ वर आणा म्हणजे खोलचा सिग्नल लांब आणि भरीव ऐकू येईल. वेग वाढवला की खोली थोडी कमी होते. पण खिळ्यांच्या जमिनीत खोलीचा प्रश्न नसतोच, दोन वस्तू वेगळ्या ऐकू येणं महत्त्वाचं असतं.

आयर्न बायस म्हणजे लोखंड आणि चांगला धातू यांचा मिश्र सिग्नल आला तर निकाल कुणाच्या बाजूनं द्यायचा. जास्त ठेवला की मशीन लोखंडाच्या बाजूनं झुकतं. बाटल्यांची पत्र्याची बुचं चांगल्या नाण्यासारखी वाजतात, म्हणून पिकनिकच्या पार्कात आयर्न बायस (त्याचा एफ-टू हा पर्याय) ६ किंवा त्याच्या पुढे ठेवला तर डोकं शांत राहतं. पण घराच्या अंगणात तोच ६ तुमची खिळ्याला चिकटलेली डाइम लपवेल. तिथे मी तो ० ते २ ठेवते. चार-दोन गंजके खिळे जास्त खणावे लागतात, त्याची मला खंत नाही.

लोखंड पूर्ण बंद करू नका. डिस्क्रिमिनेशन (ठरावीक आकडे गप्प करणं) लावण्याऐवजी लोखंडाच्या टोनचा आवाज निम्म्याहून खाली आणा. मग ते मागे घुमत राहतं, त्रास देत नाही, आणि कुठली जागा खिळ्यांनी भरलीय हे कानाला कळतं. जिथे लोखंड दाट, तिथे माणसांचा वावर दाट होता. त्या गुरगुरण्यातूनच मधेच एक बारीक उंच सूर डोकावतो. टोन पन्नास ठेवा. पाच टोन शिकायला सोपे जातात हे मान्य, पण पन्नासमध्ये प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा असतो आणि कान तयार झाला की पडद्याकडे बघायची गरजच कमी होते.

कान तयार कसा करायचा? कुठल्याही नाण्यांच्या दुकानात झिजलेली मर्क्युरी डाइम चांदीच्या भावाच्या आसपास मिळते. ही डाइम १९१६ ते १९४५ पर्यंत निघत होती, वजन अडीच ग्रॅम, व्यास १७.९ मिमी. म्हणजे नखापेक्षा जरा मोठी चकती. अंगणात आधी मशीन फिरवून एक स्वच्छ, न वाजणारी जागा शोधा. तिथे डाइम गवतावर ठेवा आणि वरून कॉइल फिरवा. मग एक गंजका खिळा तिच्या डावीकडे तीन इंचांवर ठेवा, मग दोन इंचांवर, मग चिकटवून. प्रत्येक वेळी रिकव्हरी ४ आणि ७ वर, आयर्न बायस ० आणि ६ वर ऐका. मग खिळ्याच्या लांबीच्या दिशेनं कॉइल फिरवा, नंतर आडवी. एका दिशेनं डाइम पूर्ण गायब होते आणि दुसऱ्या दिशेनं लख्ख वाजते, हे स्वतःच्या कानांनी एकदा ऐकलंत की एकाच बाजूनं अंगण झाडून 'इथे काही नाही' असं पुन्हा म्हणणार नाही. लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं घरात असेल तर तेही बघा, पण त्यावर कान बसवू नका. ते बहुधा मोठं आणि शुद्ध चांदीचं असतं, डाइमपेक्षा कितीतरी ठसठशीत वाजतं.

कॉइल फिरवण्याची पद्धत: जमिनीला घासेल इतकी खाली, पूर्ण वेळ समांतर, टोकाला वर न उचलता. उजवीकडून डावीकडे आणि परत, या फेरीला साधारण तीन सेकंद. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे, कारण खोलवर कॉइलचा दृष्टिक्षेप निमुळता होत जातो. खिळ्यांच्या जागी शक्य असेल तर सहा इंची कॉइल लावा. अकरा इंचीच्या खाली एका वेळी चार खिळे येतात, सहा इंचीच्या खाली एक.

सिग्नल मिळाला की तो दोन्ही दिशांनी वाजतो का ते बघा. मग नव्वद अंशांत फिरून पुन्हा. खोल चांदी बारीक वाजते, पण स्वच्छ वाजते, सुरुवात आणि शेवट गोलसर असतो, आणि डाइमचा आकडा २६-२८ च्या आसपास खेळतो. मोठं गंजकं लोखंड ३५ च्या पुढचे आकडे दाखवतं, पण फिरून बघितलं की आवाज तुटतो, जागा सरकते. नेमकी जागा दाखवणारं पिनपॉइंट बटण दाबल्यावर सर्वांत मोठा आवाज मूळ जागेपासून बाजूला गेला तर बहुतेक वेळा लोखंडच. खोलीचा बाण जरूर बघा: उथळ २६ म्हणजे बहुतेक आजची डाइम, सहा इंचांवरचा २६ म्हणजे आधी सगळं सोडून तो खणायचा. अकरा इंची कॉइलला सौम्य मातीत आडवी डाइम सहा ते आठ इंचांपर्यंत मिळते. पाऊस पडून गेल्यावरच्या एक-दोन दिवसांत ओल्या मातीत ती अधिक स्पष्ट वाजते.

खालचे आकडेही अधूनमधून खणा. १९४२ ते १९४५ मधल्या युद्धकाळच्या निकेलमध्ये ३५ टक्के चांदी आहे आणि ती चांदीच्या पट्ट्यात वाजत नाही. ती निकेलच्या परिसरातच वाजते. मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर मोठं पी, डी किंवा एस अक्षर दिसलं की समजा. सोन्याच्या अंगठ्याही याच भागात लपलेल्या असतात. कॅनच्या कड्यांचा कंटाळा येतो हे खरं आहे, पण त्यांच्याकडून एक गोष्ट कळते. ओढून पूर्ण निघणारी, जिभेसारखी कडी १९६०-७० च्या दशकांतली आहे. ती मिळाली म्हणजे त्या काळात इथे माणसं बसत होती. तांब्याचा गव्हाच्या लोंब्यांचा सेंट, १९०९ ते १९५८ चा, मिळाला तर आणखी चांगलं. त्या जागेभोवती पाच पावलांचं वर्तुळ अगदी सावकाश करा.

जागेचा शोध घरबसल्या सुरू करा. आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबर्नचे जुने नकाशे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ऑनलाइन ठेवले आहेत. गावातली प्रत्येक इमारत, शेड, तबेला त्यात काढलेला असतो. आजच्या नकाशाशेजारी ठेवून बघा, जुनी शाळा कुठे होती, चर्चचं अंगण कुठवर होतं. तुमच्या स्वतःच्या अंगणात समोरच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजू, जुन्या झाडाखालची सावली, कपडे वाळत घालायच्या खांबांमधली रेघ आणि गाडी लावायच्या जागेची कड आधी करा. लोक जिथे वाकतात, बसतात, खिशात हात घालतात, तिथेच नाणी पडतात. जमीन भर टाकून उंच केलेली असेल तर मात्र जुना थर मशीनच्या आवाक्याबाहेर असतो. जुन्या झाडाचं मूळ मातीत बुडालेलं दिसलं तर तशी शंका घ्या.

खणताना गवताचा घोड्याच्या नालेसारखा कप्पा कापा, एक बाजू जोडलेली ठेवून उलटा, माती कापडावर काढा आणि पुन्हा जशीच्या तशी बसवा. आठवड्यानं तिथे खणल्याचं ओळखू येता कामा नये. हातातला पिनपॉइंटर (खड्ड्यात नाणं नेमकं शोधणारा छोटा डिटेक्टर) नसेल तर दुसरं काही घेण्याआधी तो घ्या, नाहीतर पातं नाण्यावरच बसतं. तुषार सिंचनाच्या नळ्या आणि तारा कुठून गेल्यात ते आधी बघून ठेवा. चांदी जमिनीतून बहुधा पांढरी आणि स्वच्छच निघते. चुकूनही बोटानं घासू नका, कारण ओल्या मातीतली वाळू तिच्यावर कायमचे ओरखडे काढते. साध्या पाण्यात बुडवून ठेवा, माती सुटू द्या, मऊ कापडानं टिपा. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका. देवाची भांडी उजळतात तशी उजळलेली दुर्मिळ डाइम संग्राहकाच्या लेखी निव्वळ चांदीच्या भावाची उरते.

परवानगीचं. स्वतःचं अंगण तुमचं आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाची परवानगी हवी, लेखी असेल तर उत्तम. गावच्या पार्कांचे नियम प्रत्येक नगरपालिकेचे वेगळे असतात, काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे. म्हणून पार्कात पुढची फेरी मारण्याआधी फोन करून विचारा. राष्ट्रीय उद्यानांत आणि युद्धभूमींवर मशीन न्यायचंच नाही, आणि इतर संघीय जमिनीवरचे शंभर वर्षांहून जुने पुरावशेष १९७९ च्या कायद्यानं संरक्षित आहेत.

आता वाडा. मशीन भारतात नेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशात दडवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, मग ती तुमच्या वडिलोपार्जित वाड्याच्या भिंतीत का सापडेना. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गडकिल्ले, लेणी, जुनी देवळं यांचा तर विचारही मनात आणू नका. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी नाणं मातीच्या ज्या थरात पडलं तो थर एकदा उपसला की त्याचा काळ सांगणारा पुरावा कायमचा जातो. आपल्या गडांवर अजून पुरेसं शास्त्रीय उत्खनन झालेलं नाही. तिथला एकेक शिवराई पैसा आणि एकेक खापर जागच्या जागी राहिलं पाहिजे.

आणि वाड्याच्या फडताळात आजीनं जपलेले राणीछाप रुपये निघाले, तर तेही बॅगेत टाकून न्यू जर्सीला आणू नका. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं कोणतंही नाणं आज शंभर वर्षांहून जुनं आहे, म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे पुरावस्तू. ते देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही. घरातच कुणाकडे तरी ते नीट राहू द्या.